सरकारी तिजोरी आणि भाडेकरूची ऊब

उत्तरेकडे बदली होऊन आलेल्या मराठी माणसास पहिल्याच वर्षी एक गोष्ट उमगते. ती ही, की येथील थंडी हे घरखर्चाचे एक स्वतंत्र कलम आहे. पुण्या-सातार्‍याकडे शालीवर भागणारा पौष येथे रजया मागतो, विजेची शेगडी मागतो आणि महिनाअखेर विजेचे बिल पुढे ठेवतो. सरकारी वसाहतीच्या कोपर्‍यावर चौकीदार पहाटे पालापाचोळा पेटवून शेकत बसतो. त्याचा धूर वरच्या मजल्यापर्यंत येतो आणि आम्ही खिडकी लावून घेतो. ऊब त्याची, धूर आमचा. आमच्या शेगडीची वीज जेथे कोळशावर तयार होते तेथे ऊब आमची आणि धूर आणखी कुणाचा तरी. गरिबाच्या घरातील ऊब ही सरकारची जबाबदारी आहे काय, आणि असल्यास तिचा पैसा कोणत्या खात्यातून व किती काळ द्यावा, या प्रश्नाशी ज्या देशाने शंभर वर्षे झुंज घेतली त्या ब्रिटनचा इतिहास आम्हां कारकुनी पेशाच्या माणसांस म्हणूनच मोठा बोधप्रद वाटतो.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांस राहण्याजोगी घरे द्यावयाची, या निश्चयाने १९१९ मध्ये पार्लमेंटने गृहनिर्माणाचा कायदा केला. आरोग्यमंत्री अॅडिसन यांच्या नावाने तो ओळखला जातो. नगरपालिकांनी घरे बांधून माफक भाड्याने द्यावी आणि स्थानिक करात पौंडामागे एक पेनी वाढवून जे उत्पन्न येईल त्यापलीकडचा सारा तोटा मध्यवर्ती तिजोरीने सोसावा, अशी त्यातील तरतूद होती. मुंबईकर वाचकांस वरळी-नायगावच्या बी. डी. डी. चाळी ठाऊक आहेत. सरकारी पैशाने कष्टकर्‍यांसाठी घरे बांधण्याचा तो प्रयत्नही १९२० नंतरच्याच दशकातला. विलायतेत तीन वर्षांत पाच लक्ष घरांचे उद्दिष्ट होते. काटकसरीची कुर्‍हाड पडली आणि त्याच्या निम्मीही झाली नाहीत. तथापि घर हे सार्वजनिक पैशाचे कार्य आहे, हे तत्त्व रुजले. ऊब मात्र भाडेकरूच्या माथी राहिली. प्रत्येक घरात कोळशाची शेगडी, प्रत्येक छपरावर धुराडे, आणि कोळसा ज्याचा त्याने आणावयाचा, अशी व्यवस्था होती.

या व्यवस्थेची किंमत १९५२ च्या डिसेंबरात कळली. ५ ते ९ डिसेंबर असे पाच दिवस लंडनवर धूर व धुके यांचे दाट आवरण बसले. चांगला कोळसा परकीय चलनासाठी निर्यात होत होता आणि घरगुती शेगड्यांत हलक्या प्रतीचा कोळसा जळत होता. त्या काळच्या गणनेनुसार सुमारे चार हजार माणसे दगावली. पुढील संशोधकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. सर ह्यू बीव्हर यांच्या समितीने १९५४ मध्ये अहवाल दिला आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. या कायद्यात बंदीइतकेच अनुदानाला महत्त्व होते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ज्या भागात धूर करण्यास मनाई होईल तेथील घरमालकास शेगडी बदलण्याच्या वाजवी खर्चाचे दहांतील सात भाग परत मिळत. त्यांपैकी चार भाग मध्यवर्ती सरकार देई आणि तीन नगरपालिका. जुन्या घरातील ऊब बदलण्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसा देण्याची इतकी व्यापक व्यवस्था त्या देशात पूर्वी झालेली नव्हती. लंडनचे आकाश हळूहळू निवळले. परंतु अनुदान शेगडीला होते. त्या शेगडीत जाळावयाच्या महागड्या धूरविरहित इंधनाला नव्हते. येथे एक पायंडा पडला, आणि तो पुढे फार दूरवर गेला.

त्याच सुमारास लंडनमध्येच एक निराळा प्रयोग चालू होता. टेम्सच्या उत्तर तीरावर पिम्लिको भागात वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेने चर्चिल गार्डन्स नावाची वसाहत उभारली. पॉवेल आणि मोया या जेमतेम पंचविशीतील दोन वास्तुशिल्पज्ञांनी १९४६ मध्ये स्पर्धा जिंकून तिचा आराखडा केला होता. पैलतीरावर बॅटरसीचे प्रचंड वीजघर होते. कोळशावर चालणार्‍या वीजघरात इंधनाच्या उष्णतेचा मोठा हिस्सा पाण्याबरोबर वाया जातो. ती टाकाऊ उष्णता नळांतून नदीपार आणून काचेने मढविलेल्या एका उंच मनोर्‍यात साठवावयाची व तेथून घरोघर पोहोचवावयाची, अशी योजना होती. १९५० पासून भाडेकरूंना ही ऊब मिळू लागली; घरात ना कोळसा, ना राख, ना धुराडे. बॅटरसीचे वीजघर १९८३ मध्ये बंद पडले, तेव्हा वसाहतीने स्वतःचे बॉयलर बसविले आणि तेच नळ पुढे कामास लावले. उगम बदलला तरी जाळे टिकले. नळांची निगा राखणारी संस्था आणि तिच्या खर्चाची सोय आरंभापासून होती, हे याचे कारण होय असे आमचे मत आहे.

इतरत्र असे दैव नव्हते. १९६१ मध्ये पार्कर मॉरिस समितीने सांगितले की बाहेर गोठण्याइतकी थंडी असताना बैठकीच्या भागात १८ अंश आणि स्वयंपाकघरात १३ अंश तापमान राखता येईल अशी सोय प्रत्येक घरात असावी. पुढे नगरपालिकांच्या घरांस हे मानक बंधनकारक झाले. परंतु राखता येणे निराळे आणि राखणे परवडणे निराळे. त्याच दशकात काँक्रीटच्या तयार भिंतींचे उंच मनोरे उठू लागले. १६ मे १९६८ रोजी लंडनच्या पूर्व भागातील रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत गॅसचा स्फोट होऊन एक कोपरा ढासळला व चार माणसे मेली. त्यानंतर अशा अनेक मनोर्‍यांतून गॅस काढून टाकण्यात आला आणि विजेच्या उबेवर भिस्त आली. पातळ भिंती, महाग वीज, तुटपुंजे उत्पन्न. भाडेकरूंनी बटणे बंद ठेवली, भिंतींना ओल आली, ओलीवर बुरशी चढली. सरकारी कागदावर त्या घरात उबेची सोय होती. घरात ऊब नव्हती. १९९१ मध्ये ब्रेंडा बोर्डमन या विदुषीने आपल्या ग्रंथात या दैन्यास मोजमाप दिले. घर पुरेसे उबदार ठेवण्यास ज्या कुटुंबास उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागतो, ते इंधनाच्या बाबतीत दरिद्री.

हे मोजमाप हाती घेऊन ज्या नगरपालिकांनी आपल्या मनोर्‍यांकडे पाहिले त्यांत स्कॉटलंडमधील अॅबर्डीन अग्रगण्य होय. नगरपालिकेने २००२ मध्ये नफा न काढणारी एक स्वतंत्र संस्था काढली. मनोर्‍यांच्या पायथ्याशी गॅसवर चालणारे यंत्र वीज निर्माण करी, वीज विकली जाई आणि निघणारी उष्णता सदनिकांस मिळे. सरकारी अनुदान आरंभीच्या भांडवलास लागले. मात्र उबेचा आकार ठरावीक रकमेने भाड्याबरोबरच वसूल करावयाचा, असा नियम केला. थंडी वाढली म्हणून बिल वाढत नाही, हे कळल्यावर म्हातार्‍या माणसांनी बटण लावण्याचे धैर्य केले. धूर नाही, परंतु कर्बवायू आहेच, असा या योजनेवर आक्षेप घेता येईल व तो खराही आहे. तथापि प्रत्येक सदनिकेत वेगळी वीज जाळण्यापेक्षा तो पुष्कळ कमी होता.

कर्बवायूचा प्रश्न एकविसाव्या शतकात अग्रभागी आला, आणि त्याबरोबर एक जुने यंत्र पुन्हा रंगमंचावर आले. शीतपेटी ज्याप्रमाणे आतील उष्णता ओढून पाठीमागच्या जाळीतून खोलीत सोडते, त्याचप्रमाणे हीट पंप बाहेरील हवेतील, जमिनीतील अथवा नदीतील उष्णता घरात आणतो. विजेचा एक भाग खर्चून उबेचे सुमारे तीन भाग देतो. नॉर्विच येथे जॉन समनर या नगरपालिकेच्या अभियंत्याने युद्धकाळातील टंचाईत, जुन्या भागांतून, १९४५ मध्येच असा पंप नदीच्या उष्णतेवर चालवून दाखविला होता. स्वस्त कोळशाच्या देशात त्याकडे कुणी वळून पाहिले नाही. पुढे २०१८ मध्ये लंडनच्या एन्फील्ड भागात आठ मनोर्‍यांतील ४०२ सदनिकांस जमिनीत खोल घेतलेल्या सामाईक विवरांतून ऊब देण्यात आली.

नेदरलँड्समध्ये याहून धाडसी विचार झाला. तेथे सरकारी साहाय्याने एनर्गीस्प्रोंग ही योजना निघाली. जुन्या घरांच्या भिंतींवर कारखान्यात तयार केलेल्या उष्णतारोधक भिंती बाहेरून बसवावयाच्या, छपरावर सूर्यशक्तीची तबके घालावयाची, हीट पंप लावावयाचा आणि हे सारे भाडेकरूस घराबाहेर न काढता थोड्या दिवसांत उरकावयाचे, असा हा उपक्रम. खरे नावीन्य हिशेबात होते. पूर्वी जी रक्कम विजेच्या व गॅसच्या बिलात जाई तीच आता गृहसंस्थेकडे जावी आणि तीतून कर्ज फिटावे. याला आधार देणारा कायदा २०१६ मध्ये झाला, आणि घराने ठरल्याप्रमाणे काम दिले पाहिजे ही त्यातील अट. २०१७ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे नगरपालिकेच्या दहा घरांवर हीच रीत अवलंबिली गेली.

त्यानंतर ब्रिटिश सरकारने मोठा निधी उघडला. २०१९ च्या निवडणुकीत तत्कालीन सत्ताधारी पक्षाने सामाजिक घरांसाठी दहा वर्षांत ३८० कोटी पौंडांचे वचन दिले होते. २०२१ च्या आरंभी प्रायोगिक टप्प्यात सुमारे ६ कोटी २० लक्ष पौंड, २०२२ मध्ये सुमारे १७ कोटी ९० लक्ष आणि २०२३ मध्ये सुमारे ७७ कोटी ८० लक्ष पौंड मंजूर झाले. आधी भिंती-छपरे उबदार करा, मग यंत्र बदला, हे धोरण, आणि खर्चाचा काही हिस्सा घरमालक संस्थेने घालावा, ही अट. धोरण शहाणपणाचे आहे. तथापि ब्रिटनमध्ये विजेचे युनिट गॅसच्या सुमारे चौपट महाग राहिले आहे. म्हणजे पंपाची तिप्पट करामत दरातील चौपट फरकाने खाऊन टाकण्याची भीती. १९५६ चा पायंडा येथे पुन्हा डोके वर काढतो: यंत्रास अनुदान, इंधन भाडेकरूच्या माथी.

घाई व काटकसर यांची किंमतही या इतिहासात लिहिलेली आहे. लंडनमधील ग्रेनफेल मनोर्‍याचे नूतनीकरण २०१६ मध्ये पुरे झाले. ऊब राखण्यासाठी बाहेरून आवरण चढविले गेले, आणि जस्ताच्या पत्र्याऐवजी स्वस्त पडणारे, आत ज्वालाग्राही प्लास्टिक असलेले पत्रे निवडण्यात आले. १४ जून २०१७ च्या आगीत ७२ जीव गेले. दुसर्‍या टोकास २०२० मध्ये रॉचडेल येथे भाड्याच्या सदनिकेतील बुरशीने दोन वर्षांचे एक बालक दगावले. त्याच्या पालकांनी वारंवार तक्रार केली होती. ओल-बुरशीची दाद ठरावीक मुदतीत घेण्याचे बंधन घालणारा कायदा त्याच्या नावाने २०२३ मध्ये झाला.

हे सारे लिहिताना आम्हांस आमचेच एक टिपण आठवते. उत्तरेकडील एका नगरातील वसाहतीच्या छपरांवर सूर्याच्या उष्णतेने पाणी तापविण्याची यंत्रे बसवावी, अशा प्रस्तावावर काही वर्षांपूर्वी आमचीही आद्याक्षरे पडली होती. भांडवली खर्चाची तरतूद होती, मार्चअखेरीपूर्वी रक्कम खर्ची पडली, विनियोगाचा दाखलाही वेळेवर गेला. देखभालीचे कलम टिपणात नव्हते. दोन हिवाळ्यांत जड पाण्याच्या क्षाराने नळ्या तुंबल्या. पुढे आमचीच बदली त्या वसाहतीत झाली. तिसर्‍या मजल्यावरील एका सहकार्‍याच्या वृद्ध आई पौषात रोज सकाळी गॅसवर पातेले ठेवीत आणि आम्हांस सांगत, “वर सरकारचं गरम पाणी आहे म्हणतात, पण खाली येत नाही हो.” ते टिपण कुणी मांडले होते हे आम्ही त्यांना सांगितले नाही.

पिम्लिकोचे नळ टिकले आणि आमच्या नळ्या तुंबल्या, यात यंत्रविद्येचा दोष अल्प आहे. तेथे ज्याने पैसा मंजूर केला त्याने पुढील हिवाळ्याचाही विचार केला होता. आपल्यापैकी अनेकांच्या मेजांवर अशी टिपणे उद्या येतील. छपरावरील सूर्यतबकांची येतील, पंपांची येतील. त्या वेळी भांडवली रकमेखाली आणखी दोन ओळी लिहिण्यास जागा ठेवावी: देखभाल कोण करील, आणि दरमहा बिल कोण भरील. एवढ्या दोन ओळी आम्ही लिहिल्या असत्या, तर त्या मातोश्रींचे पातेले खाली उतरले असते.