बांधलेला परवाना आणि फिरता परवाना

एके काळी घरात रेडिओ ठेवावयाचा तर टपाल कचेरीतून त्याचा परवाना काढावा लागे. वास्तविक रेडिओलहरी साऱ्या गावावरून सारख्याच वाहत असत. एकाने कार्यक्रम ऐकला म्हणून शेजाऱ्याच्या वाट्याचा कमी होत नसे. तरीही ऐकण्याच्या हक्काला कोठेतरी गाठ मारणे सरकारला आवश्यक वाटले, आणि ती गाठ यंत्राला मारली गेली. जी वस्तू वापरल्याने झिजत नाही, तिचा हक्क मोजावयाचा कसा, हाच प्रश्न पुढे संगणकाच्या आज्ञावलींपुढे उभा राहिला.

आरंभी तो प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. अमेरिकेत १९५५ साली आयबीएमची यंत्रे वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाची संघटना काढली, ती एकमेकांच्या आज्ञावली मोकळेपणाने देण्याघेण्यासाठीच. यंत्र महाग होते. आज्ञावली त्याच्याबरोबर येई, जशी कुलपाबरोबर किल्ली. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकन सरकारने आयबीएमवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. त्याच वर्षी २३ जून रोजी त्या कंपनीने अनेक आज्ञावलींची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचा निर्णय जाहीर केला. त्या दिवसापासून आज्ञावली हा स्वतंत्र विक्रीचा माल होऊ लागला, आणि माल म्हटला की त्याची राखण आली.

ही राखण प्रथम कागदावर होती. अमुक आज्ञावली अमुक यंत्रावरच चालवावयाची, असे करारात लिहिलेले असे. १९७० साली आलेल्या आयबीएमच्या सिस्टिम ३७० या मालिकेतील यंत्रांना स्वतःचा क्रमांक सांगण्याची आज्ञा देता येऊ लागली. म्हणजे यंत्र आपली ओळख स्वतःच पटवू लागले, आणि करारातील शब्दाची जागा यंत्राच्या तपासणीने घेण्याची वाट मोकळी झाली. यालाच पुढे ‘नोड-लॉक्ड’ म्हणजे यंत्रबद्ध परवाना असे नाव पडले. त्याची मांडणी सरळ असते. ग्राहक आपल्या यंत्राची खूण विक्रेत्याला कळवतो. बहुधा ती जाळ्याला जोडणाऱ्या भागाचा ४८ बिटांचा, १२ चिन्हांत लिहिला जाणारा पत्ता असते. विक्रेता त्या खुणेचा परवाना धाडतो. खूण जुळली तर आज्ञावली चालते, न जुळली तर चालत नाही.

१९८० नंतरच्या दशकात अभियंत्यांच्या टेबलांवर अपोलो, सन अशा कंपन्यांची यंत्रे आली आणि ती एका जाळ्यात गुंफली गेली. तेव्हा या सरळपणातील अडचण उघड झाली. वीस टेबले असली तरी आराखड्याची महागडी आज्ञावली प्रत्येकाला दिवसातून थोडाच वेळ लागे. वीस परवाने घ्यावेत तर बहुतेक पडून राहावयाचे. एकच घ्यावा तर त्या एका खुर्चीमागे साऱ्यांनी रांग लावावयाची. त्यातून ‘फ्लोटिंग’ म्हणजे फिरता परवाना आला. १९८८ साली ग्लोबट्रॉटर आणि हायलँड या दोन कंपन्यांनी तयार केलेल्या फ्लेक्सएलएम या व्यवस्थेने त्याचा मोठा प्रसार केला.

फिरत्या परवान्याची तुलना ग्रंथालयाशी करता येईल. पुस्तकाच्या पाच प्रती असतील, तर पाच वाचक ती नेऊ शकतात. सहाव्याने एक परत येईपर्यंत थांबावयाचे. येथे ग्रंथपालाचे काम जाळ्यातील एक यंत्र करते. त्याच्याजवळ परवान्याचा मजकूर असतो. किती जागा, कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यात कोणालाही वाचता येते. परंतु त्याखाली विक्रेत्याची गणिती मोहर असते. आकडा बदलला की मोहर जुळत नाही आणि परवाना बाद होतो. एखाद्याचे यंत्र मध्येच बंद पडले तर त्याची जागा अडून राहू नये, म्हणून दोन्हींमध्ये ठरावीक अंतराने ‘आहेस ना?’, ‘आहे’ अशी विचारपूस चालू असते.

जागा किती घ्याव्यात, या प्रश्नाचे उत्तर संगणकापूर्वीच मिळालेले होते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती एर्लांग याने थोड्या तारांवर अनेक ग्राहकांची सोय कशी लावावी, याचे सूत्र १९१७ साली मांडले. त्या हिशेबाने मोठ्या कार्यालयात एका वेळी सरासरी ५ जणांची मागणी असेल आणि परवानेही ५ च घेतले, तर १०० पैकी सुमारे २८ जणांना नकार मिळेल. परवाने १० केले, तर नकार दोनांच्या आत येतात. सरासरीवर भरवसा ठेवणाऱ्या व्यवस्थापकाला हा हिशेब न कळल्यास त्याचे दुःख अभियंत्यांच्या वाट्याला येते.

मात्र फिरता परवानाही खरोखर मुक्त नव्हे. तो ज्या यंत्रातून वाटला जातो, ते यंत्र स्वतः खुणेने बांधलेलेच असते. बैलाचे दावे लांब केले, पण खुंट राहिलाच. यंत्रबद्ध परवान्यात एक यंत्र बिघडले तर एकाचे काम थांबे. येथे एक यंत्र बिघडले तर सारे कार्यालय थांबते, आणि तेही पूर्ण मोल देऊन घेतलेल्या हक्काच्या बाबतीत. म्हणूनच तीन यंत्रांची योजना निघाली. तिघांपैकी दोघे चालू असतील तोवर वाटप चालते. एकटा उरलेला मात्र परवाना देत नाही. तसे नसते, तर तिघांना एकमेकांपासून तोडून प्रत्येकाकडून स्वतंत्र वाटप करवून घेता आले असते.

पुढे काही विक्रेत्यांनी हक्काची गाठ यंत्रावरून माणसाच्या नावाकडे नेली. २०१३ साली ॲडोबी कंपनीने आपल्या सर्जनशील आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्या वर्गणीनेच देण्याचे जाहीर केले. आधी यंत्र, मग जागा, मग व्यक्ती असा हा प्रवास आहे. विक्रेत्याला मोबदला मिळावा, हे न्याय्यच होय. परंतु ही टंचाई निसर्गाची नव्हे, मोजणीने निर्माण केलेली आहे. तेव्हा जो मोल देऊन हक्क घेतो, त्याचे काम मोजणाऱ्या यंत्राच्या आजारपणाने अडू नये, एवढी हमी त्या मोजणीनेच द्यावयास हवी.