मुळेच्या काठचा गंध

ज्येष्ठाच्या अखेरीस पौड मावळात पहिल्या सरी कोसळून आंब्या-जांभळांच्या साली भिजल्या म्हणजे त्यांच्या फांद्यांना बिलगलेल्या आमऱ्यांना जे गुलाबी तुरे लोंबतात, त्यांचा गंध ज्याने एकदा घेतला, त्याला रोपवाटिकेतील भडक, परंतु बहुधा निर्गंध अशा संकरित डेंड्रोबियमची ओढ फार काळ राहत नाही. गावकरी मंडळी या वनस्पतीला सरसकट बांडगुळात काढतात. हा तिच्यावर अन्याय आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते, तर आमरी झाडाचा केवळ आसरा घेते आणि जाड, पांढुरक्या मुळांनी पावसाचे पाणी टिपून आपले अन्न आपल्याच पानांत सिद्ध करते.

इंग्रजी अमदानीत अशा वनस्पतींची नोंद सरकारी दप्तरात होऊ लागली, त्या काळातील एक महत्त्वाची बाग दापोडीस, म्हणजे मुळशीच्या डोंगरांतून आलेली मुळा जेथे पवनेला भेटते तेथेच होती. १८३८ पासून तिचा कारभार डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश वैद्याकडे होता; पुढे १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले, आणि त्यांनी काढवून घेतलेली दीडशेहून अधिक वनस्पतिचित्रे आज एडिंबरो येथे जतन केलेली आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांच्या सहकार्याने त्यांनी १८६१ साली या प्रांताच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला, आणि तेच कार्य पुण्याच्या सायन्स कॉलेजचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात अधिक विस्ताराने केले. या ग्रंथांचे ऋण मोठे आहे. तथापि कागदावर चिकटवलेल्या वाळक्या नमुन्यातून पाकळ्यांची ठेवण कळते, रंगाचाही थोडा अदमास लागतो. गंध मात्र फूल सुकले की संपतोच.

त्यानंतर मुळशीवर धरणाचे संकट आले. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली सुरू झालेला सत्याग्रह ते थोपवू शकला नाही. शेते, घरे, देवळे यांच्यासमवेत खोऱ्यातील जुने वृक्षही जलाशयाखाली गेले, आणि आश्रयवृक्ष बुडाल्यावर आमरीला ठाव तो कोठला? वरच्या ताम्हिणीच्या रानास २०१३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, याचे मला मनापासून समाधान वाटते.

घरासाठी निवड करायचीच, तर माझे मत एरिडिस क्रिस्पा या आमरीला. तिचा सुवास सौम्य असूनही ओसरी भरून टाकतो. सीतेची वेणी ही आमरी रूपाने अधिक देखणी, परंतु गंधाने तिच्या मागे. रोप मात्र परवानाधारक रोपवाटिकेतच वाढवलेले घ्यावे, रानातून उपटलेले कदापि नको. ते कुंडीतल्या मातीत पुरू नये; साल शाबूत असलेल्या आंब्याच्या ओंडक्यास काथ्याने बांधून पूर्वेकडील ओसरीत, सकाळचे कोवळे ऊन लागेल असे टांगावे, हिवाळ्यात पाणी बेताचे घालावे, आणि वळवाच्या पहिल्या सरीला ओंडका उघड्यावर नेऊन ठेवावा.