विलंबित ख्याल संथ कसा झाला

आज मैफलीत बडा ख्याल सुरू झाला की बारा मात्रांचा एकताल एका आवर्तनाला पाऊण मिनिट सहज घेतो. कधी मिनिटाचीही मर्यादा ओलांडतो. ही संथ लय अनादि काळापासून चालत आली असावी, असं ऐकणाऱ्याला वाटतं. पण तिचं आजचं रूप गेल्या शंभरेक वर्षांतलं आहे, आणि ती घडवणाऱ्या, तशीच तिला नकार देणाऱ्या काही थोर गवयांचं अन्नपाणी बडोद्याच्या दरबारात होतं.

अलकापुरीतून निघून रेल्वेचे रूळ ओलांडले की जुन्या शहरात सुरसागराच्या काठी संगीत महाविद्यालय लागतं. १८८६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेचा तो वारसा. दरबारात कलावंतांचा स्वतंत्र कारखाना, म्हणजे खातं, होतं. बडोद्यातच भास्करबुवा बखले फैज महंमद खाँकडून ग्वाल्हेरचा ख्याल शिकले. त्या ख्यालातही विलंबित होतं, पण बेताचं. बंदिशीचे स्थायी आणि अंतरा हे दोन्ही भाग पुरे म्हणायचे, तिचे शब्द विस्कटू द्यायचे नाहीत, आणि ठेका ऐकणाऱ्याला सहज हातावर धरता यावा.

१८९० च्या दशकात अब्दुल करीम खाँ याच दरबारात गात होते. १८९८ मध्ये ताराबाई माने यांच्यासह त्यांनी बडोदा सोडलं आणि पुढे मिरजेत किराणा गायकीचं बस्तान बसवलं. सुराला निवांत वेळ देणं हा तिचा स्वभाव. त्याच घराण्याचे अब्दुल वहीद खाँ लय आणखी खाली घेऊन गेले. ताराबाईंची मुलं, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर, वहीद खाँकडे शिकली. वहीद खाँची संथ बढत इंदूरच्या अमीर खाँनी ऐकून आत्मसात केली आणि चौदा मात्रांच्या झुमऱ्यात तिला अतिविलंबिताचं रूप दिलं.

बडोद्यातच मुक्काम ठोकून राहिलेल्या फैयाज खाँनी मात्र ही वाट धरली नाही. १९५० मध्ये इथेच देह ठेवीपर्यंत ते आग्र्याच्या शिस्तीने गायले: आधी तबल्याविना भरघोस नोमतोम आलाप, मग बोलबनाव आणि लयकारीला वाव राहील अशा लयीतला ख्याल. माझ्या मते दोन्ही वाटांमागचं कारण इथेच सापडतं. रागाची बढत नोमतोममध्ये आधीच होऊन गेली, तर बंदिशीला थांबायची गरज उरत नाही. पण स्वतंत्र आलापी आटोपती घेऊन तीच बढत तालाच्या आत करायची म्हटली, तर आवर्तन ताणावंच लागतं. संथपणा ही निव्वळ आवड नव्हती. आलापाला तालात जागा करून देण्यासाठी तो आला.

त्याची झळ तबलजीला बसली. विलंबित एकतालात दोन मात्रांमधलं अंतर इतकं वाढलं की ते बारीक भरण्याने बांधून ठेवणं त्याच्यावर आलं. आवर्तनाच्या शेवटाकडचं ‘धागे तिरकिट धी ना’ ऐकून गवई समेचा अंदाज घेतो आणि मुखडा उचलतो. ते तिरकिट अस्पष्ट वाजलं, तर मैफलीचा तोल जातो.

ही लय कागदावर कधी उतरली नाही. १९१६ साली बडोद्यात भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यांच्या स्वरलिपीत ताल, मात्रा, सम, खाली सारं नेमकं आहे, पण गतीच्या जागी ‘विलंबित’ एवढा शब्द, किती ते नाही. आकडा दिला असता तरी फरक पडला असता का, ही शंकाच आहे. पाश्चात्त्य संगीतातलं उदाहरण घ्या: शोपँच्या दहाव्या ओपसमधल्या तिसऱ्या एट्यूडवर हस्तलिखितात आधी ‘वीव्हाचे’ म्हणजे जलद अशी सूचना होती, छापताना ती ‘लेंटो’, म्हणजे संथ, झाली, आणि सोबत मेट्रोनोमचा आकडाही आला. तरीही आजचे बहुतेक पियानोवादक त्या आकड्याच्या बरेच मागे वाजवतात. तीच सुरावट जलद वाजवली तर वाहती, अस्वस्थ वाटते. संथ वाजवली की विलाप होतो.

ध्वनिमुद्रिकांनीही यात हात घातला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला तीनेक मिनिटं. अब्दुल करीम खाँच्या मैफलीतल्या लयीचा अंदाज त्या तबकड्यांवरून बांधणं अन्यायाचं आहे. लाँग प्ले आली तेव्हा एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, आणि अमीर खाँच्या मारवा रागाला श्वास घ्यायला जागा झाली. मायक्रोफोनमुळे दबक्या आवाजातला आलापही मागच्या रांगेपर्यंत पोचू लागला.

अमीर खाँचा मारवा मला अतिशय प्रिय आहे. पण या वाटेवर अंतरा हरवला, हेही खरं. खुद्द अमीर खाँ बडा ख्यालात तो बहुधा सोडून देत, आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी तर स्थायीचे शब्दही मुखड्यापुरते उरवले. ग्वाल्हेरच्या लयीत तीच बंदिश म्हटली की कवितेची दुसरी ओळ परत येते. तरुण गवयांनी वर्षातून काही मैफली तरी त्या लयीत गाव्यात, आणि अंतरा पुरा म्हणावा.