आंकड्यांची चाळणी : मलिकंबरापासून डॅशबोर्डपर्यंत

खुलताबाद म्हटलें कीं दर्गे आणि मकबरे डोळ्यांपुढें उभे राहतात. वेरूळच्या लेण्यांजवळ डोंगरमाथ्यावर वसलेल्या या गांवास पूर्वीं रौझा म्हणत. मलिकंबर १६२६ सालीं, औरंगजेब १७०७ सालीं आणि पहिला निजाम-उल्-मुल्क आसफजाह १७४८ सालीं मृत्यु पावला; तिघांच्याही कबरी येथेंच आहेत. इतिहास त्यांस स्मरतो तो बहुधा त्यांच्या लढायांसाठीं. परंतु लढाई ज्या वसुलावर चालते त्याच्या हिशोबाचा प्रश्न तिघांनाही जन्मभर पुरला. हजारों गांवें, प्रत्येक गांवचीं शेतें, प्रत्येक शेताचें पीक. एवढ्या आंकड्यांच्या ढिगांतून नेमकें काय पाहावयाचें आणि काय बाजूस ठेवावयाचें?

हाच प्रश्न आज कचेऱ्याकचेऱ्यांतून संगणकाच्या पडद्यावर विचारला जातो. तेथें आंकड्यांचा जो फलक मांडलेला असतो त्यास डॅशबोर्ड म्हणतात, आणि त्यांतून हवे तेवढेच आंकडे पुढें आणणाऱ्या अटीस फिल्टर. फिल्टर म्हणजे चाळणीच. चाळणी नवें धान्य निर्माण करीत नाहीं. काय राहावें आणि काय गळावें एवढेंच ती ठरविते. म्हणूनच तिचीं छिद्रें कोणी व कशीं पाडलीं याला महत्त्व आहे.

अहमदनगरचा किल्ला १६०० सालीं मोंगलांच्या हातीं गेला, तेव्हां निजामशाही बुडाल्यासारखीच होती. हबसाणांतून गुलाम म्हणून आलेल्या मलिकंबरानें ती पुढें सुमारें पंचवीस वर्षें टिकवून धरली. त्यानें वसुलाचा मक्ता देण्याची चाल बंद केली, असें ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासांत लिहिलें आहे. मक्त्याच्या पद्धतींत सरकारास एकच आंकडा दिसे : ठरलेली एकूण रक्कम. त्यामागें कोणाचें शेत पिकलें आणि कोणाचें बुडालें हें त्या आंकड्यावरून कळत नसे. मलिकंबरानें प्रथम प्रत्यक्ष पिकाचा माफक हिस्सा धान्यरूपानें घेतला; कित्येक हंगामांचा अनुभव जमल्यावर त्याचें रोख रकमेंत रूपांतर केलें, आणि ती रक्कमही दरसाल लागवड पाहून ठरविली. धान्याचा हिस्सा दोन पंचमांश सांगतात. रोख आकार मात्र एक तृतीयांशच होता अशी परंपरा आहे. या व्यवस्थेचें मर्म कालाच्या चाळणींत आहे. एकच सुकाळाचें वर्ष निवडलें तर रयत भरडली जाते, एकच दुष्काळाचें निवडलें तर खजिना रिकामा राहतो. डॅशबोर्डवर तारखांची मर्यादा घालणारा मनुष्यही हीच निवड करीत असतो, मग त्याला त्याची जाणीव असो वा नसो.

पुढें औरंगजेब दुसऱ्यानें दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हां मुर्शिद कुली खान हा त्याचा दिवाण होता. मुलूख ओसाड पडला होता. तोडरमल्लाची मोजणीची रीत त्यानें येथें आणली, पण सर्वांस एकच माप लावलें नाहीं. मागासलेल्या भागांत नांगरामागें ठोक रक्कम घेण्याची जुनी वहिवाट त्यानें राहूं दिली. जेथें पिकाची वांटणी होई तेथें पावसाच्या पाण्यावरील धान्याचा अर्धा भाग, तर विहिरीच्या पाण्यावरील धान्याचा एक तृतीयांश भाग सरकारचा ठरला. विहीर खणण्याचे आणि मोट ओढण्याचे कष्ट शेतकऱ्याचे. म्हणून पाणी कोठून आलें ही बाब हिशोबांत वेगळी काढणें न्यायाचें होतें. तो भेद वगळला असता तर दोन्ही शेतें कागदावर सारखींच दिसलीं असतीं.

उलट बाजूचें उदाहरण पुणें प्रांतांत सांपडतें. इंग्रजी अंमलांत प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२७ नंतर फार बारकाईची पाहणी आरंभिली. लागवडीचा खर्च वजा जातां शेताचें निव्वळ उत्पन्न किती, हें काढून त्याचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे असा त्याचा बेत होता. गणित सूक्ष्म होतें, पण मूळ मोजणी सदोष होती. आकार जड झाला आणि इंदापुराकडील शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं तेथें नव्यानें काम केलें. मातीचा प्रकार व खोली पाहून त्यांनीं जमिनीचे नऊ वर्ग पाडले. उतार, वाळूची भेसळ, चुनखडी असे दोष आढळतील तसा वर्ग उतरविला, आणि आकार तीस वर्षांसाठीं कायम केला. सालारजंगाच्या कारकीर्दींत निजामाच्या राज्यांतही मुंबईच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली. अर्थ असा कीं, चाळणी कितीही बारीक असली तरी खालचें धान्यच खोटें असेल तर तिचा उपयोग नाहीं. आणि वर्ग थोडे असले तरी ते शेतांत उभें राहून पडताळतां येत असतील तर काम चालतें.

चाळण्यांचा क्रमही जुनाच आहे. मोंगली दप्तरांत सुभा, सरकार, परगणा आणि मौजा अशी उतरंड असे. आज सातबारा संगणकावर पाहणाऱ्यास जिल्हा, तालुका, गांव आणि गट क्रमांक याच वाटेनें जावें लागतें. खुलताबाद तालुका निवडला कीं त्याच तालुक्याचीं गांवें पुढें येतात. प्रत्येक निवड पुढील यादी लहान करते. दोन अटी ‘आणि’नें जोडल्या तर उत्तर आटतें, ‘किंवा’नें जोडल्या तर फुगतें. आधीं लावलेली अट काढावयाची राहिली तर भागाची बेरीज पूर्णाची म्हणून वाचली जाते. यास्तव कोणत्या अटी लागू आहेत हें फलकावरच लिहिलेलें असावें.

सर्वांत मोठा धोका रिकाम्या जागेचा. पीक न आलेलें शेत आणि ज्याची नोंदच झाली नाहीं असें शेत, हीं दोन्ही एक नव्हेत. पहिल्यापुढें शून्य असतें. दुसऱ्यापुढें कांहींच नसतें, आणि ‘दहा मणांहून कमी पीक’ अशी अट घालतांच तें शेत बहुधा यादींतून निसटतें. ज्यास सवलत मिळावयाची तोच शेतकरी मग दृष्टीआड होतो.

मलिकंबराच्या काळीं चूक झाली तर कुणबी गांव सोडून जाई, आणि ओसाड जमीन त्या चुकीची साक्ष देई. आजच्या फलकावर चूक झाली तरी रेघा तितक्याच सुबक दिसतात. म्हणून अट लावतांना काय दिसतें आहे याबरोबरच काय गळलें याचीही मोजदाद ठेवावी. गळलेल्या प्रत्येक ओळीमागें कोणाचें तरी शेत असतें.