करड्याचे मोडलेले घर

शिरूर तालुक्यातील करडे या गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते दोन-चार ओळींपुरते. १८७४ सालचा डिसेंबर. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या गृहस्थावर दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळविला आणि त्यांचे राहते घर पाडावयास घेतले. लगेच पुढे दक्खनच्या दंग्याची हकीकत सुरू होते. मधल्या मोकळ्या जागेत एक प्रश्न मात्र राहून जातो. गावाला राग आला तो नेमका कशाचा?

कर्जाचा म्हणावे, तर कर्ज घरोघर होते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस विलायतेस पोचेना, म्हणून इकडच्या कापसाला भाव चढला. सावकारांनी हात सैल सोडला, कुणब्यांनी कर्जे उचलली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि १८६७ साली सरकारने सारा वाढविला. जमिनी सावकाराच्या नावावर चढू लागल्या. पण जमीन गेली तरी पुष्कळदा तोच कुणबी कूळ म्हणून त्याच शेतात नांगर धरी. कागदावरचे जाणे डोळ्यांना दिसत नाही. घर पाडले जाते ते मात्र साऱ्या गावाला दिसते.

आपल्या देशावरचे जुने घर आठवून पाहावे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर धाबे, पुढे ओटा, मग सोपा, आत माजघर. खिडक्या बेताच्याच, उजेड येई तो दारातून आणि सवण्यातून. माजघराच्या एका अंगाला उतरंड, कोपऱ्यात जाते, भिंतीतल्या कोनाड्यात दिवा, देव्हाऱ्यापुढे सारवलेली जागा. कोणी मुद्दाम नक्षा काढून हे मांडलेले नसे, पण प्रत्येक वस्तूचे ठिकाण ठरलेले होते आणि प्रत्येक माणसाचेही. म्हातारा ओट्यावर, बाळंतीण अंधाऱ्या खोलीत, लेकीसुना जात्यापाशी. काळोखात हात पुढे केला तर खुंटी सापडे. माणसाच्या मनाला स्वस्थता देणारी गोष्ट बहुधा हीच असावी की, काळोखातही आपला हात कोठे जाईल हे त्याला ठाऊक असते. त्या घरात सुनेला मन मोकळे करायला स्वतःची जागा नव्हती, हेही येथेच सांगितले पाहिजे. जुने म्हणून सारेच सुखाचे होते असे नाही.

करड्याच्या त्या घरात काय काय होते हे कोणी लिहून ठेवलेले नाही. कादंबरीकाराला ते रचण्याची मुभा आहे, इतिहास सांगणाऱ्याला नाही. पण भिंत पडली की काय होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. धुराने काळवंडलेली चुलीमागची बाजू, रिकामा कोनाडा, तेलाचा ओघळ, जे घरच्यांवाचून कोणी पाहू नये ते रस्त्यावर येते. घर पडणे म्हणजे आतले बाहेर येणे.

गावाने उत्तर दिले तेही घराच्याच भाषेत. सावकारांच्या दुकानी कोणी जाईना. न्हावी, परीट, सुतार, चांभार यांनी काम सोडले. घरकामाला गडी मिळेना. सावकार तालुक्याच्या गावी निघाले, तर गाडी हाकायला माणूस मिळेना. कोणाच्या अंगावर हात न टाकता गावाने त्यांना त्यांच्याच घरात परके करून सोडले. हा बहिष्कार पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत पसरला. मग १२ मे १८७५ रोजी सुप्याचा बाजार भरला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजचा दौंडचा मुलूखही त्याच तालुक्यातला. तेथे जमावाने सावकारांची घरे व दुकाने फोडली आणि कर्जाचे कागद जाळले. रक्तपात फारसा झाला नाही. पण ज्यांची दारे फुटली त्यांच्याही माजघरात मुले होती, चुली होत्या. एका मोडलेल्या घराचा राग दुसऱ्या घरांवर निघाला, ही या हकीकतीतली दुःखाची बाजू होय.

घराच्या आतल्या रचनेचा मनाशी संबंध आहे, हे याच काळात विलायतेत फ्लॉरेन्स नाइटिंगेल सांगत होती. रोग्याला खिडकीबाहेरचे दिसावे, रंग दिसावेत, त्याचा परिणाम मनाबरोबर शरीरावरही होतो, असे तिने १८६० च्या सुमारास लिहिले. शास्त्राने हे मोजून पाहिले ते फार उशिरा. १९८४ साली रॉजर उलरिक यांनी पेन्सिल्व्हानियातील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. शस्त्रक्रियेनंतर ज्या २३ रोग्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्या २३ जणांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेवरची तीव्र औषधेही कमी लागली.

इकडे १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, दौंड जंक्शन झाले आणि रेल्वेच्या चाळी उभ्या राहिल्या. तेथे घराला वडिलांचे नाव नसते, क्रमांक असतो. बदली झाली की किल्ली दुसऱ्याच्या हाती. तरीही नवी बाई येते, पहिल्या दिवशी देवांची फळी ठोकते, डब्यात तुळस लावते, आणि आठ दिवसांत त्या क्रमांकाचे घर होते. आज रांजणगावच्या कारखान्यांमुळे शिरूरकडे एका खोलीत संसार थाटणारी शेकडो कुटुंबे आहेत. त्यांची मुले माझ्यासारख्या मास्तरांपुढे बसतात. ज्याला दप्तर ठेवायला एक ठरलेला कोपरा आहे तो मुलगा आणि ज्याला तो नाही तो, यांतला फरक वर्गात कळतो. तो बुद्धीचा नसतो, स्वस्थतेचा असतो.

दंग्यानंतर १८७९ मध्ये दक्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम आले. ऋणकोचे काय जप्त करता येणार नाही याची त्यात यादी आहे: लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरीतीने बाईने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, शेतीची अवजारे, आणि शेतकऱ्याचे राहते घर, त्याच्या लाकूडसामानासकट. १९७६ च्या दुरुस्तीने मजूर आणि घरगडी यांच्या घरांनाही तेच संरक्षण मिळाले. कायद्याची भाषा रूक्ष असते. पण ही यादी सावकाश वाचली की एक माजघर डोळ्यांपुढे उभे राहते. बाबासाहेब देशमुखांच्या घराला मात्र तिचा उपयोग झाला नाही.