एक डिस्क गेली तर चालेल. दुसरी गेली तर?

आजची गोष्ट ‘रेड’ची. पोलिसांची धाड नव्हे हं, एकत्र काम करणाऱ्या डिस्कची.

आपले फोटो ‘क्लाउडवर’ असतात म्हणजे कुठल्यातरी इमारतीतल्या खऱ्याखुऱ्या डिस्कवर असतात. आणि डिस्क कधी ना कधी मरतेच. १९७८ मध्ये आयबीएमच्या नॉर्मन केन ओउची यांना एक पेटंट मिळालं, त्याचा विषयच होता बंद पडलेल्या स्टोरेजमधला डेटा परत मिळवणं. मग १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी पेपर लिहिला: एका महागड्या डिस्कऐवजी पीसीतल्या स्वस्त डिस्क एकत्र जोडा. धोकाही त्यांनीच मोजून दाखवला. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर १०० डिस्कमधली पहिली सरासरी ३०० तासांतच जाणार. म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत!

यावर उपाय अगदी वर्गणीच्या वहीसारखा. तिघांनी ४०, ७० आणि ५० रुपये दिले आणि खाली बेरीज लिहिली, १६०. आता एक आकडा पुसला गेला तरी वजाबाकी करून सापडतो. डिस्कवर बेरजेच्या जागी ‘पॅरिटी’ असते. पण दोन आकडे पुसले गेले की संपलं.

आणि नेमकं तेच घडतं. एक डिस्क गेली की नवी बसवतात आणि ‘रीबिल्ड’ सुरू होतं. त्यासाठी उरलेली प्रत्येक डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते. या डिस्क बहुतेक वेळा एकाच वेळी घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या. अशात दुसरीही मान टाकते. पुढे दोन डिस्क गेल्या तरी तगणारं रेड ६ आलं, पण तिथेही तिसरी जाऊ शकतेच.

मग शेवटचा उपाय काय? आधी हात आवरायचा. घाबरून पुन्हा रीबिल्ड चालवलं किंवा ‘इनिशियलाइज’ दाबलं, तर वाचलेलंही पुसलं जाऊ शकतं. कुठली डिस्क कुठल्या खाचेत होती ते लिहून ठेवायचं. मग प्रत्येक डिस्कची हुबेहूब नक्कल काढायची आणि पुढचं सगळं काम त्या नकलेवरच. २००४ पासून असलेला ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा मोफत प्रोग्राम सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो आणि अडलेल्या जागी नंतर परत येतो. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र ती सुरूच करायची नाही, ते क्लीनरूमचं काम.

आता गंमत बघा. ‘मेलेली’ डिस्क बऱ्याचदा पूर्ण मेलेली नसतेच, थोड्याच जागा वाचता येत नाहीत. दोन डिस्कवर त्या जागा वेगवेगळ्या असतील, तर वहीच्या प्रत्येक पानावर एकच आकडा पुसलेला असतो, म्हणजे वजाबाकी पुन्हा जमते! फक्त आधी कोण गेली ते शोधायचं. पहिल्यांदा गेलेल्या डिस्कवरचा डेटा शिळा असतो, तो मिसळला तर हिशेब चुकतो.

डिसेंबर २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याची मोठी स्टोरेज यंत्रणा कोसळली. ८०० पैकी १२ डिस्क गेल्या आणि खात्याच्या बहुतेक सेवा ठप्प झाल्या. त्यातून सावरायला लागणारी साधनं कुठे होती? त्याच कोसळलेल्या यंत्रणेवर! करदात्यांचा डेटा वाचला, पण सेवा पूर्ववत व्हायला बरेच दिवस गेले.

तर मंडळी, रेड म्हणजे बॅकअप नाही. डिस्क गेली तरी काम चालू राहावं म्हणून रेड असतं. चुकून डिलीट झालेला फोटो ते प्रत्येक डिस्कवरून इमानदारीने डिलीट करतं. दुसरी प्रत दुसऱ्या जागी हवी, आणि ती उघडते का हे अधूनमधून बघायला हवं. आज एकदा उघडून बघाच. भेटू पुढच्या भागात!