विदेशी साप घरी पाळणं भारतात कायदेशीर आहे का?

सोशल मीडियावर असे रील्स अनेकांनी पाहिले असतील. मनगटाला वेटोळं घालून बसलेला पिवळा-पांढरा बॉल पायथन, खाली 'किंमत किती?' अशा कमेंट्स आणि विकणाऱ्याचं ठरलेलं उत्तर, 'विदेशी आहे, भारतात लीगल आहे, डीएम करा.'

हे उत्तर पूर्ण खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. विदेशी साप पाळण्यावर भारतात सरसकट बंदी नाही. पण साप विदेशी आहे एवढ्यावर तो कायदेशीरही ठरत नाही. कायदा दोन प्रश्न विचारतो : साप कोणत्या प्रजातीचा आहे आणि तो आला कुठून? साप विषारी आहे की बिनविषारी, लहान आहे की मोठा, याने फारसा फरक पडत नाही.

देशी साप पाळता येतात का?

नाही. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ अशा भारतातल्या सापांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे. हे साप पकडणं, घरात ठेवणं किंवा विकणं हा गुन्हा आहे. सर्पमित्रांनाही यात सूट नाही. वस्तीतून पकडलेला साप वन विभागाला कळवून योग्य अधिवासात सोडायचा असतो, तो घरी ठेवता येत नाही.

इथे अनेक जण फसतात ते बर्मीज पायथनमुळे. फिकट पिवळ्या रंगाचा अल्बिनो बर्मीज पायथन 'विदेशी पेट' म्हणून दाखवला जातो. पण हा अजगर ईशान्य भारतातही आढळतो आणि तो कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. साप परदेशात जन्मला असला तरी प्रजात देशी यादीत असेल, तर नियम देशी यादीचेच लागू होतात. अनुसूची १ मधल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैदेची शिक्षा आहे.

मग २०२३ मध्ये काय बदललं?

धोक्यात आलेल्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'सायटीस' नावाचा करार नियंत्रण ठेवतो. हा करार १९७३ मध्ये झाला आणि भारत त्यात १९७६ मध्ये सामील झाला. पण बराच काळ विदेशी प्राण्यांवरचं नियंत्रण प्रामुख्याने सीमाशुल्क आणि आयात धोरणापुरतं होतं. साप एकदा विमानतळाबाहेर पडला की वन्यजीव कायद्याचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता.

ही पळवाट बंद करण्यासाठी २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. या दुरुस्तीने कायद्यात नवी अनुसूची ४ आली. सायटीसच्या परिशिष्टांमधल्या प्रजाती आता या अनुसूचीत आहेत.

कोणते साप या यादीत येतात?

परिशिष्ट १ मध्ये सगळ्यात जास्त धोक्यात असलेल्या प्रजाती असतात. मादागास्करचे बोआ याच गटात येतात. परिशिष्ट २ मधल्या प्रजातींचा व्यापार परवान्यावर होऊ शकतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन, ग्रीन ट्री पायथन, ॲनाकोंडा हे या परिशिष्टात आहेत.

अमेरिकेतला कॉर्न स्नेक मात्र सायटीसच्या यादीत नाही. त्यामुळे अनुसूची ४ ची नोंदणी त्याला लागू होत नाही. पण तो देशात कायदेशीर मार्गाने आला होता का, हा प्रश्न त्याच्याबाबतीतही उरतोच.

नोंदणी कशी होते?

अनुसूची ४ मधला जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे, त्याने त्याची नोंद सरकारकडे करणं कायद्याच्या कलम ४९ एम नुसार बंधनकारक आहे. त्यासाठीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आले. आधीपासून प्राणी पाळणाऱ्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्यानंतर प्राणी घेणाऱ्यांनी ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. हा अर्ज केंद्र सरकारच्या 'परिवेश २.०' या पोर्टलवर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावा लागतो.

ही नोंदणी एकदा करून संपत नाही. साप दुसऱ्याला विकला किंवा भेट दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तर प्रत्येक वेळी कळवावं लागतं. नियम मोडल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय सापही जप्त होतो.

पिल्लांचं काय?

बॉल पायथनची पैदास प्रामुख्याने रंगांसाठी होते. वेगवेगळ्या रंगांच्या जोड्या लावून नवे 'मॉर्फ' तयार केले जातात आणि दुर्मीळ मॉर्फला जास्त किंमत मिळते. म्हणूनच 'हा तर इथेच जन्मला, आयात कुठे केला?' असा युक्तिवाद केला जातो.

पण पिल्लाची कायदेशीर बाजू त्याच्या आईबापावर अवलंबून असते. आईबापांची नोंद नसेल, तर पिल्लं कुठून आली हे दाखवायला काहीच उरत नाही. पुढे ती दहा जणांना विकली गेली, तर कागद नसलेले दहा साप दहा घरांत पोहोचतात. परिशिष्ट १ मधल्या प्रजातींची पैदास करायची असेल, तर वेगळा परवाना लागतो.

पैदास करायची नसली तरी सावध राहावं लागतं. सापाची मादी नराचं बीज दीर्घकाळ शरीरात साठवू शकते, काही प्रजातींत मादी नराशिवायही पिल्लांना जन्म देते. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात २०२० मध्ये सुमारे ६२ वर्षांच्या एका बॉल पायथन मादीने ७ अंडी घातली. तिचा १५ वर्षांहून अधिक काळ नराशी संबंध आला नव्हता. एवढं आयुष्य असलेला प्राणी घरी आणणं म्हणजे त्याच्या नोंदींची जबाबदारीही कित्येक वर्षांसाठी घेणं.

विमानतळावर साप का पकडले जातात?

डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडून ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक जप्त केले. ते बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत लपवले होते. कॉर्न स्नेक सायटीसच्या यादीत नसूनही सुटला नाही, कारण जिवंत सरपटणारे प्राणी आणायला आयात परवाना आणि प्राण्यांच्या आरोग्याची तपासणी लागते. सामानात लपवून आणलेल्या सापाकडे यातलं काहीच नसतं. पुढे तो बाजारात 'भारतात जन्मलेला' म्हणून विकला जाऊ शकतो.

कंटाळा आला म्हणून सोडून दिला तर?

याचं उत्तर अमेरिकेतल्या फ्लोरिडाकडे पाहिल्यावर मिळतं. पाळलेले बर्मीज पायथन तिथे निसटले किंवा सोडले गेले आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांची संख्या वाढत गेली. तिथले रॅकून आणि ससे झपाट्याने कमी झाले. अमेरिकेने २०१२ मध्ये या सापाच्या आयातीवर बंदी घातली, पण तोवर उशीर झाला होता. भारताच्या कायद्यातही परक्या आक्रमक प्रजातींची आयात आणि बाळगणं यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार आता केंद्राला आहे.

म्हणून नको झालेला साप शेतात किंवा जंगलात सोडणं हा पर्याय नाही. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर संपर्क साधता येतो.

विकत घेण्याआधी काय पाहावं?

सापाचं शास्त्रीय नाव, विक्रेत्याच्या नावावरची नोंदणी, आईबापांच्या आणि जन्माच्या नोंदी आणि हस्तांतराची तयारी, या चार गोष्टी विक्रेत्याकडे मागाव्यात. 'पेपर नंतर पाठवतो' असं उत्तर आलं, तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा. साप जप्त झाल्यावर विक्रेत्याचं अकाउंट बंद झालेलं असू शकतं. उत्तर मात्र ज्याच्या घरात साप सापडला त्यालाच द्यावं लागतं.